खांबाच्या डावीकडे

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

महिनाभर तुला भेटायला आले नाही, दोनदा तुझा फोन वाजू दिला, माफ कर. कामाचा व्याप होता असं आधी लिहिलं आणि खोडलं. व्याप नव्हता.

तुझ्या बायकोने कळवलं, पट्टी निघाली, अंगठा हलतो, मधली दोन बोटं मात्र हलत नाहीत. मी आले होते तेव्हा तू डाव्या हाताने सही गिरवत होतास. लहानपणी तुझा हात धरून मी रेघा मारायला शिकवायची, ते आठवून म्हणालास, ताई, पुन्हा पहिलीत बसलोय, पट्टीने मारू नकोस हं. ती हसली. मी खिडकीचा पडदा सारखा करत राहिले. तो सारखाच होता.

तुझा वायरमनचा परवाना जाणार, चौकशीत तसं ठरत आलंय, हेही तिनेच सांगितलं. भिंतीला भोक पाडण्याआधी केबल शोधायचं यंत्र फिरवलं नाहीस आणि ड्रिल थेट चालू केबलमध्ये गेलं, म्हणून चूक तुझी. तूही तेच धरून बसलायस. माझ्या डोक्यातून मात्र तुझं दुसरंच वाक्य जात नाही. नकाशा तुझ्या जुन्या ऑफिसचा होता गं, म्हणून डोळे झाकून ड्रिल लावलं. हे तू कौतुकाने म्हणालास.

त्या ऑफिसची रीत तुला ठाऊक नाही. इमारत पुरी झाली की आत प्रत्यक्षात काय कुठून गेलंय याचा नकाशा काढायचा असतो, पुढे कधी भिंत फोडणाऱ्याला कळावं म्हणून. त्यासाठी टेप घेऊन खोलीखोलीत फिरावं लागतं. आम्ही फिरत नसू. आधीचा मंजूर नकाशाच पुढ्यात घ्यायचा, कोपऱ्यातल्या चौकटीतलं शीर्षक बदलायचं आणि ‘प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे’ असा शिक्का मारायचा. सगळेच तसं करत. हे वाक्य मी या महिन्यात स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याची चीड येते.

काल जुन्या डायऱ्या काढल्या. एकोणीस वर्षांपूर्वीचं पान, माझंच अक्षर: ‘वायरमन सांगून गेला. तिसऱ्या मजल्यावर तुळई आडवी आली, केबल खांबाच्या उजवीकडून न नेता डावीकडून नेली. नकाशात दुरुस्त करायचं.’ डायरीत लिहिलं की काम झालं असं वाटायची माझी जुनी खोड. नकाशा त्याच दुपारी सहीला गेला. परत मागितला असता तर साहेब चिडले असते, एवढंच कारण. सही त्यांची आहे, ते आता नाहीत. नकाशा मी काढला होता, धाकट्या. तू इमारतीचं नाव घेतलंस तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी पडदा सारखा करत होते. आता ती रेघ खोडून डावीकडे ओढली तरी तुझं बोट हलणार नाही. घरच्या डायरीला चौकशीत कोणी विचारील की नाही, कोण जाणे. तू यापुढे मला ताई म्हणशील का, हे तर विचारायचंही धाडस नाही. पण दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं.

तुझीच,
ताई

उद्या: दहा वाजता डायरी घेऊन चौकशी अधिकाऱ्यांकडे जाणे.