पाळीआधी फोडलेली चाळ

प्रिय कानिफ,

दिपाली आणि दाजी परवा केडगावहून आले होते. कांदा स्वस्त झाला तेव्हा ती खूश होती, रोज भजी. आता म्हणते, "दादा, कांदा फुकट दिला तरी काय करू, यांचा टेम्पो दारात उभा हाय." कल्याणदाजी कांदाच वाहतात. भाव उतरू लागला की व्यापारी थांबतो. आज कशाला घ्यायचा, उद्या अजून उतरेल. मग टेम्पो कोण बोलावणार? निवडणीच्या बाया घरी बसल्या, तर आमच्या मनकर्णाच्या मशीनवर ब्लाउज यायचे थांबले. पारावर तू भांडायचास, "गोरख, स्वस्ताई म्हंजे गरिबाची दिवाळी." ते मला आजही पुरतं खोडता येत नाही. घेणाऱ्याला ती गोडच लागते. पण तिच्यापायी हातचं काम गेलं, की तो घेणारा तरी कुठे उरतो?

म्हणून तर आपण खंडोबाच्या देवळात जमलो होतो. साठवलेल्या कांद्याच्या चाळी सगळ्यांनी एकदम फोडायच्या नाहीत, पाळीनं फोडायच्या. शपथेचा बेल-भंडारा सर्वांआधी तूच उचललास. माझ्या कपाळाला भंडारा लावून हसलास, "तू लई घाबरट, तुझी पाळी शेवटी." मला तो मान वाटला.

मग पाळी नसताना आपल्या गावचा माल बाजारात गेल्याची कुणकुण लागली आणि ज्यानं त्यानं घाईनं चाळ मोकळी केली. भाव बसला. तू फोनवर म्हणालास, "थांब, मीबी थांबलोय." मी थांबलो. कांद्याला कोंब फुटले, मग पाणी सुटलं. तो उकिरड्यावर ओतताना म्हटलं, देवा, तुझी मर्जी. तू तोवर पोराकडे पुण्याला गेला होतास.

परवा जेवताना दाजी सहज बोलून गेले, की पहिल्या खेपा त्यांनी तुझ्याच चाळीवर भरल्या. तू त्यांना सांगितलं होतंस, गोरखला ठाऊक हाय. मी मीठ मागून घेतलं. कांदा सडल्याचं देवाच्या नावावर उगाच घातलं होतं, एवढंच मनात आलं.

इथे लोकांनी बिभीषणाला धरलंय. त्याची चाळ सगळ्यात लहान आणि गरज मोठी, म्हणून पाळी मोडणारा तोच असणार म्हणतात. त्याची बायको पाण्याला आली की बाया गप्प होतात. येत्या रविवारी त्याला देवळात उभं करणार आहेत. सगळा माल माझाच सडला, म्हणून पहिलं मलाच विचारतील. भंडाऱ्यापुढे मी खोटं बोलणार नाही, पण तुझं नाव माझ्या तोंडून निघावं असंही वाटत नाही. पहिलीपासून एका बस्करावर बसलो आपण. शनिवारी मुक्कामाला ये. मनकर्णा भाकरी टाकील, सकाळी बरोबरच देवळात जाऊ. तू बोललास तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. नाही आलास, तर बिभीषणाच्या शेजारी.

अजून तरी तुझाच,
गोरख