भाचीचं रक्त वाढवायची मोहीम

३ नोव्हेंबर
डायरी गणपतीनंतर लिहिणार होतो. मग दसऱ्यानंतर. मग दिवाळीनंतर. आज लाइट गेलीय, मोबाईल डेड, म्हणून मुहूर्त.

कुंभिवलीला ताईकडे दोन दिवसांसाठी आलोय, त्याला चौथा महिना लागला. पण बरं झालं आलो. भाची भाविका, नववीत, कबड्डीच्या प्रॅक्टिसला चक्कर येऊन पडली. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, नऊ. गोळ्यांनी मळमळतं म्हणते. कबड्डीच्या किशोर सरांनी सांगून टाकलं, महिनाअखेर तपासणीत वाढलेलं दिसलं तरच जिल्ह्याच्या मॅचला नेणार. पोरगी रात्रभर रडली. मी ताईला सांगितलं, तिचं खाणं माझ्यावर सोड.

४ नोव्हेंबर
व्हिडिओ बघितले. कलेजी, लाल माठ, शेवग्याचा पाला, अळिवाचे लाडू. वरून लिंबू पिळायचं. तक्ता करणार होतो, पण पुढचा व्हिडिओ बुलेटच्या सायलेन्सरचा लागला. तक्ता उद्या.

७ नोव्हेंबर
चौक गावाला जाऊन कलेजी घेतली. येताना लोधिवलीत टेनिस क्रिकेटच्या मॅचेस. तिथला ओळखीचा कमलेश म्हणाला एक प्लेयर कमी हाय. नाही कसं म्हणणार? कलेजी दिवसभर डिकीत. शेवटी कुत्र्यांनी पण वास घेऊन सोडली.

९ नोव्हेंबर
दुसरी कलेजी. ताईनं काळी मिरी घालून मस्त केली. दाजी आणि मी आधी बसलो, नेहमीसारखे. ताई वाढतच राहिली. पाहुण्यानं नको म्हटलं तर बरं दिसत नाही. भाविका मागून ताईबरोबर जेवली. रस्सा-भात. कलेजी कशी लागली विचारलं, तर रिकामं पातेलं उचलून घासायला गेली. ह्या वयात पोरींना चवच नसते.

१४ नोव्हेंबर
अळिवाचे लाडू झाले. कडू असले तर ती हात लावणार नाही, म्हणून दुपारी चव बघितली. संध्याकाळी पण.

१६ नोव्हेंबर
डबा तळाला आलाय. म्हणजे पोरगी गुपचूप खातेय. काम होतंय.

१९ नोव्हेंबर
भाविकाच्या मैत्रिणी पडवीत बसल्या होत्या. लोहावर चांगलं अर्धा तास बोललो. त्यातली अनिसा म्हणाली, मामा, तुमच्या घरात पहिलं कोण जेवतं? मी म्हटलं तो वेगळा विषय हाय. सगळ्या हसल्या. सिरियसनेस नाही.

२७ नोव्हेंबर
खालापूरला तपासणी. भाविकाला सुईची भीती, म्हणून आधी मी रक्त दिलं. माझं पंधरा. सिस्टर म्हणाल्या, वा, खाता काय तुम्ही? जरा बरं वाटलं.
भाविकाचं नऊच.
रिक्षात माझ्याकडं पाठ करून बसली. एवढं केलं, त्याचं हे फळ. सर म्हणाले, आठ-दहा दिवस बघतो, मग नाव कापतो.

२९ नोव्हेंबर, दुपार
तिसरी कलेजी. चूक सापडलीय. नुसतं सांगून पोरी ऐकत नाहीत. आज तिला समोर बसवून, कशी खायची ते खाऊन दाखवणार. ताई माझं ताट वाढतेय, तोवर लिहितो.

अंगणात टेंपो थांबला. आई! आमच्या घरून, भिवपुरीहून, न कळवता. भाविकानं फोन केला होता म्हणे.
आईनं चप्पल काढली, आत आली, माझं ताट उचलून भाविकापुढं ठेवलं. मग मला म्हणाली, "गजा, तुझी बॅग कुठं हाय रं?"