रेनकोटातली चौकशी

पुणे, २ फेब्रुवारी २०१४

चि. प्रताप यास अनेक आशीर्वाद.

आपल्या जाईला तुमच्या सिंगापूरचंच स्थळ आलं आहे. मुलगा रुचिर, जुरोंग आयलंडवर इंजिनिअर, फोटो सोबत आहे. दोनदा भेटून पोरगी खूश आहे, पण चौकशीशिवाय मी होकार कळवणार नाही. मामा म्हणून ते काम तुझं. कसून शोध, काहीतरी निघेलच. फोन नको, लेकीचे कान तिकडेच असतात. पत्रच लिही.

तब्येतीला जप.
तुझी ताई, साधना

सिंगापूर, १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रत्नाने मला फिल्म फेस्टिव्हलला नेलं. आयरिश चित्रपट, खाजगी गुप्तहेराचा. सगळा वेळ अंधार आणि पाऊस. लांब कोट घालून तो लोकांच्या मागे फिरतो आणि कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाही. कामाची पद्धत कळली. कोट नव्हता, म्हणून तुआसच्या यार्डात कामावर वापरतो तो रेनकोट चढवला. बेटावर पासाशिवाय सोडत नाहीत, तेव्हा कंपनीची बस परत येते त्या स्टॉपवर दबा धरला आणि हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपर्यंत पाठलाग केला. तिथे बत्तीस डिग्रीत चक्कर येऊन पडलो. रुचिरनेच उचललं, लिंबाचं सरबत पाजलं, क्लिनिकमध्ये दोन तास सोबत बसला. मी नाव चारुदत्त सांगितलं.

पडल्या पडल्या एक गोष्ट टिपली. त्याच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे होते. बाकी दारू नाही, सिगारेट नाही. बायको लाखात एक, पण नवरा वेडा, असं रत्ना मला ऐकवते आहे.

लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझा प्रताप

पुणे, २७ फेब्रुवारी

चि. प्रतापला आशीर्वाद.

मोज्यांवरून नकार कळवला तर लोक मलाच हसतील. एकही दोष सापडत नाही म्हणजे तू मन लावून बघतच नाहीस. पुन्हा जा. हवं तर पातळ कोट घे.

ताई

सिंगापूर, १० मार्च

ती. ताईस सा. न.

पुन्हा गेलो. रुचिरने मला मामा म्हणून हाक मारली आणि आज पाण्याची बाटली आणली का, असं विचारलं. जाईने माझा फोटो त्याला आधीच दाखवला होता. चारुदत्त या नावावर दोघं तीन आठवडे हसताहेत.

आता मुद्दा. त्या चित्रपटात ज्या बाईने काम दिलेलं असतं, तीच शेवटी गुन्हेगार निघते. म्हणून तुझी पत्रं पुन्हा वाचली. मुलात चांगलं काय आहे, हे तू एकदाही विचारलेलं नाहीस. मी इकडे निघालो त्या दिवशी तू विमानतळावर आली नाहीस, घरी घासलेलीच भांडी घासत बसलीस. ताई, खरं सांग.

उत्तराची वाट बघतो. रागावलीस तरी पत्र पाठव.
प्रताप

पुणे, २१ मार्च

चि. प्रतापला अनेक आशीर्वाद.

गुन्हा कबूल आहे. तू गेलास, वर्षाकाठी आठ दिवस येतोस. आता ही चालली. मला ते सहन होत नाही, एवढंच.

काल होकार कळवला. जाई रडली, मग मीही रडले. रुचिरसाठी मोज्यांचे सहा जोड घेतले आहेत, सगळे एकाच रंगाचे.

रेनकोट टाकू नकोस. ती तिथे आली की लांबून तिच्या मागे राहा. नीट जेवते का, हसते का, तेवढं बघ आणि दर आठवड्याला मला कळव. आता फोन केलास तरी चालेल.

तुझी ताई