न झालेली संध्याकाळ

प्रिय तेमुक,

शुभ दुपार. सूर्य केव्हाच डोंगराआड गेला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या आणि मी दिवा लावून लिहायला बसले आहे. पण तुमच्या महालाच्या हुकुमाप्रमाणे अजून दुपारच चालू आहे, तेव्हा शुभ दुपार. आपल्या कुसेनमध्ये आता सगळे असेच भेटतात. हाबूकाका कंबर धरून ओट्यावर बसलेले असतात आणि मी धुक्याच्या जाळ्या गुंडाळून परतताना दिसले की विचारतात, "काय गं ओनारी, झाली का संध्याकाळ?" मी म्हणते, "कुठली हो काका, आत्ताच तर न्याहारी झाली." मग आम्ही दोघं हसतो. ते आणखीही एक गोष्ट विचारतात, तिला मात्र मी उत्तर देत नाही, मिठाचा चहा पुढे करते. ती गोष्ट तुला शेवटी सांगेन. आधी घरचं सगळं ऐकून घे, तुला सवय आहे माझ्या पाल्हाळाची.

तुझी भाची मिशे आता माझ्या खांद्याला लागली आहे. केस तुझ्यासारखेच, कितीही तेल लाव, उभे ते उभेच. वय विचारशील तर सांगता येणार नाही, कारण दिवस एकच चालला आहे आणि एका दिवसात कुणी मोठं होत नसतं. गुरुजी म्हणतात, कायद्याने ती अजून रांगते. परवा ती अक्रोडाच्या शेंड्यावर चढून बसली तेव्हा मी खालून ओरडले, "उतर गं बाई, रांगणाऱ्या पोरी झाडावर चढत नाहीत." तिचे बाबा असते तर पोट धरून हसले असते. त्यांच्या मनगटाची गाठ खालच्या बंधाऱ्याच्या कामासाठी बांधली गेली, म्हणून ते तिकडेच आहेत. कधी वारा खालून आला तर त्यांची शीळ ऐकू येते असं मिशे म्हणते. मला नाही येत, पण मी हो म्हणते.

यंदा धुकं छान आहे. तुझ्या लहानपणी असायचं तसं, दुधाच्या सायीसारखं जाड. सकाळी जाळ्या लावल्या की दरीतून वर येतं, जाळीला लागतं, आणि बायका हळूहळू पिळून त्याचा पेळू करतात. सगळा उतार सूत कातणाऱ्या चात्यांच्या आवाजाने गुणगुणत असतो. सूत निघतं ते इतकं हलकं की डोळे मिटले तर हातात काही आहे हे कळू नये. पूर्वी या दिवसांत प्रत्येक घरात एक नवी शाल व्हायची. आता पेळू, सूत, शाल, सगळं पूल ओलांडून खाली जातं आणि आपल्याला पळीभर पेज मिळते. बायका उभ्या उभ्या झोपतात आणि झोपेतही चाती फिरत राहते. मीही अशी झोपते. मग स्वप्नात मला आपलं तळं दिसतं, त्यात तू पाय सोडून बसलेला असतोस, आणि मी तुला हाक मारते ती माझी मलाच ऐकू येत नाही.

तुला ते अक्रोडाखालचं आठवतं का रे? पोटभर हसण्यासारखी गोष्ट आहे, पण हल्ली ती आठवली की मला रडू येतं. आईने तुला टोपलीभर अक्रोड सोलायला बसवलं होतं. तू आळशांचा राजा. मोठ्या माणसांसारखा गंभीर चेहरा करून तू माझ्या मनगटाला गवताची काडी बांधलीस आणि म्हणालास, "ताई, आज तुझे हात माझे." उसना हात मागितला की नाही म्हणायचं नसतं, आणि ज्याने बांधलं त्यानेच संध्याकाळी सोडायचं, जेवू घालायचं आणि म्हणायचं, "घे, तुझे हात तुला." मी आपली सोलत बसले आणि तू झाडाला टेकून खुशाल घोरायला लागलास. अक्रोड संपले, दिवेलागण झाली, आईने जेवायला हाका मारल्या, तरी मी तुझ्या उशाशी बसून राहिले, कारण गाठ तुझी होती. तू जागा झालास तेव्हा काळोख पडत होता. माझं मनगट पाहून तू जो भोकाड पसरलास. रडत रडत काडी सोडलीस आणि स्वतःच्या पानातला भात मला भरवलास, निम्मा माझ्या गालालाच लावलास. आई म्हणाली, "मेल्या, हात मागतोस आणि झोपतोस? उद्या कुणी तुला हात देईल का?" काडी तर तोवर सुकून आपोआप तुटायला आली होती. गवताचं तेच बरं असतं. माणूस विसरला तरी गवत विसरत नाही.

म्हणूनच तू महालाचा लाल बाह्यांचा अंगरखा घालून पुलावरून आलास तेव्हा कुणाच्या मनात काही आलं नाही. तुझ्याबरोबर आलेल्या त्या गुळगुळीत माणसाने चावडीवर सांगितलं की देश म्हणजे एक मोठं घर, घर गरीब झालं आहे, घराला हात हवेत. सगळ्यांनी मिळून एक लांब दिवस राबायचं, मग महालाची घंटा वाजेल, सगळ्या देशाची संध्याकाळ एकदम होईल आणि गाठी सुटतील. 'लांब दिवसाची सुधारणा' असं नाव त्याने चांगलं घोळवून घोळवून सांगितलं. लोकांना त्यातलं फारसं कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की आपल्या प्रथेतलीच गोष्ट आहे आणि बांधणारा आपला तेमुक आहे. महालाने हुशारीच केली, परक्या हातापुढे कुसेनमधल्या एकानेही मनगट धरलं नसतं. पहिलं मनगट आईने पुढे केलं. केवढा अभिमान होता तिच्या तोंडावर. फक्त हाबूकाका म्हणाले, "पोरा, गवत कुठाय? हे तर धुक्याचं सूत." तू म्हणालास, "काका, दिवस जरा लांब आहे, गवत टिकायचं नाही." ते सूत आम्हीच कातलेलं होतं, तेमुक. ते सुकत नाही आणि झिजत नाही, आणि पुलाच्या दिशेने चालू लागलं की मनगटावर ओल्या घोंगडीएवढं जड होतं.

माझी गाठ मारताना तुझी बाही वर सरकली आणि तुझ्या मनगटावरचं सूत मला दिसलं. तू चटकन बाही ओढलीस. गावात मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोक तुला शिव्या देतात तेव्हा ते माझ्या ओठांवर येतं, पण मग वाटतं, ज्याला स्वतःला बांधलं आहे त्याने आपल्या आईला बांधावं, हे ऐकून त्यांना तुझी कीव येईल की आणखी राग, कोण जाणे.

तुम्हा खालच्या लोकांना वाटत असेल की ही माणसं सुरी घेऊन सूत कापत का नाहीत. तू तरी तसं विचारू नकोस. दुसऱ्याने बांधलेली गाठ स्वतः तोडली तर ते हात चोरीचे होतात. मग त्या हातचं पाणी कुणी पीत नाही. हे काही महालाने शिकवलेलं नाही, आपल्याच आज्या-पणज्यांनी शिकवलं. महालाने फक्त संध्याकाळ उचलून नेली.

आई गेली. निरोप तुला पोचला असेल, उत्तर मात्र आलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते. ती चातीजवळच बसल्या बसल्या गेली. शेवटी शेवटी तिला वाटायचं की तू अजून खेळायला गेला आहेस. मी तुझ्यावर चिडून काही बोलले की म्हणायची, "त्याला रागावू नकोस गं. दिवेलागण झाली की येईल तो." तिला मातीत ठेवताना मनगटावरची गाठ सोडायला तू नव्हतास, आणि दुसऱ्या कुणी सोडायची नसते. आई बांधलेल्या हाताने गेली, तेमुक. मला तुझा राग आला. अजूनही येतो. आणि तरी रोज पेज घेताना मी पुलाकडे पाहते की लाल बाही दिसते का.

आता हाबूकाका काय विचारतात ते सांगते. तुलाही ठाऊक असलेली जुनी गोष्ट आहे. हात मागणारा संध्याकाळ व्हायच्या आत मेला, तर त्याच्या नावाचा दिवा तळ्यात सोडायचा, दिवा दिसेनासा झाला की ज्याची त्याने गाठ सोडायची, आणि तिला चोरी म्हणत नाहीत. दूर देशी गेलेल्याचा दिवा पानगळीचं पहिलं धुकं तळ्यावर उतरलं की सोडायचा. त्याचं मरण कुणी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागत नाही. रक्ताच्या सगळ्यात थोरल्या माणसाने दिवा लावला की तो मेला. आई होती तोवर तिला हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ती गेल्यावर काका माझ्याकडे आले. चहा प्यायले आणि मान खाली घालून म्हणाले, "ओनारी, गाठी महालाच्या नाहीत. गाठी तेमुकच्या आहेत. तेवढी एकच चूक केली बघ त्यांनी." मी म्हटलं, "काका, तो जिवंत आहे." ते म्हणाले, "असेल. आम्हीही जिवंतच आहोत." पुलावरचे पहारेकरी याच डोंगरातले आहेत. मेलेल्याची गाठ सुटलेल्या मनगटाला ते हात लावणार नाहीत, आणि महालाने ही प्रथा खोटी म्हटली तर गाठीची प्रथाही खोटी ठरते. हे सगळं मला कळत होतं. तरी मी नाही म्हणाले. ते पुन्हा आले, मी पुन्हा नाही म्हणाले. आईच्या मागे मला तू एकटा उरला आहेस, तुला मी माझ्या हाताने कशी मारू?

मग परवा मी जाळ्या घेऊन येत होते. अक्रोडाखाली मिशे आणि शेजारची धाकटी पोरगी खेळत होत्या. मिशेने तिच्या मनगटाला काडी बांधली होती आणि तिच्याकडून खडे वेचून घेत होती. धाकटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "सोड ना आता, मला भूक लागली." मिशेने त्या गुळगुळीत माणसासारखी हनुवटी वर केली आणि म्हणाली, "संध्याकाळ कुठे झाली आहे अजून?" आणि काडी सुकायला लागली तशी ती उपटून तिने दुसरी ताजी काडी बांधली. मी धावत जाऊन ती काडी हातात धरली, पण सोडू शकले नाही, कारण गाठ मिशेची होती. मिशेकडूनच सोडवली. "घे, तुझे हात तुला" हे तिला म्हणताच येईना. तिने ते कधी ऐकलेलंच नाही. त्याच दिवशी चावडीवर नवा हुकूम लागला की आईची गाठ मुलीला लागू, पानगळ सरताच बांधणारे येतील.

म्हणून मी हाबूकाकांना हो म्हटलं आहे. दिवा तयार आहे. कमळाच्या पानाचा, त्यात तुझी लहानपणची लोकरीची टोपी ठेवली आहे, जिचे कान उंदरांनी कुरतडले होते. दरीत धुकं असलं तरी तळ्यावर पहिलं धुकं अजून उतरलेलं नाही, पण तळं सकाळी वाफाळायला लागलं आहे. हे पत्र आणणारी बाई मीठ विकते. तिला जेवू घाल आणि तिच्याबरोबर निघ. येताना काही आणू नकोस, फक्त बोटं आण. स्वतःच्या हाताने आमच्या गाठी सोड, आईच्या मातीवर हात ठेवून ते वाक्य म्हण. महाल तुला माफ करणार नाही हे मला माहीत आहे, आणि तरी मी मागते आहे. नाही आलास तर मी दिवा लावीन. मग मात्र कधी येऊ नकोस, कारण तू पुलावर दिसशील आणि मला तुला हाक मारता येणार नाही. तेव्हा एवढंच लक्षात ठेव, की मेलेल्याचे हात कुणी राबवत नाही. तुझ्या बाहीखालचं सूतही त्याच दिव्याबरोबर सुटलं असं समज, आणि त्या महालातून कुठेही चालायला लाग. त्या सकाळी मी पानात भात वाफवीन, तुला आवडतो तसा, अक्रोड घालून. आलास तर तू जेवशील. नाही तर तो दिव्याबरोबर जाईल.

धुकं उतरेपर्यंत तरी तुझीच,
ओनारीताई