मंगळावर पडणारा दगड

१६ जानेवारी १९३८, रविवार

आज तोंडाला आवर घालायला हवा होता.

स्टेशनमास्तरकडे पुण्याचं वर्तमानपत्र येतं, ते वाचून गुरुसिद्धप्पांच्या दुकानावर गेलो. बातमी अशी — गेल्या ऑक्टोबरात एक भलामोठा दगड, म्हणजे लहानसा ग्रहच, आपल्या पृथ्वीजवळून गेला. चंद्र आहे त्याच्या दुप्पट अंतरावरून. कुणाला पत्ताही लागला नाही. दुकानात पाचसहा जण होते. मी सांगत गेलो, सगळे ऐकत राहिले. लिंबाजीनं विचारलं, "मग आता कुठं गेला त्यो?"

मला ठाऊक नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "मंगळाकडे. आता त्याच्यावर आपटणार."

गुरुसिद्धप्पांनी तागडी खाली ठेवली. "मंगळ ऱ्हाईल का मग?"

"कुठला राहतोय. चुरा होईल."

बाकीचे हसले. ते हसले नाहीत. घरी येऊन हातपाय धुताना लक्षात आलं — त्यांच्या लेकीला, भागम्माला, कडक मंगळ आहे. पोरगी अठराची झाली. चार ठिकाणांहून नकार आला.

१७ जानेवारी

बातमी पुन्हा वाचली. खाली कुणा प्रोफेसरांनी लिहिलंय : असा दगड पृथ्वीवर, मंगळावर किंवा शुक्रावर कधीतरी पडू शकतो, पण तो योग लाखभर वर्षांतून एकदा. आणि पडलाच तर मोठा खड्डा पडेल. ग्रह जागेवरच राहील.

उद्या जाऊन सांगतो.

१९ जानेवारी

सांगितलं नाही. गुरुसिद्धप्पा स्वतःच मदरशात, माझ्या सरकारी शाळेत, आले. मुलांसमोर मला हात जोडून शरणार्थ म्हणून नमस्कार केला. बाहेर लिंबाखाली हळूच विचारलं, "मास्तर, कधी पडंल म्हणता?"

नाही म्हणायला एवढा चांगला मोका पुन्हा मिळायचा नाही. मी म्हणालो, "उन्हाळा संपेपर्यंत." त्यांच्याएवढा वडीलधारा माणूस मला स्वामींना विचारावं तसं विचारत होता. ते मला आवडलं. हेच खरं कारण. दुसरं काही नाही.

६ फेब्रुवारी

चुडाव्याहून भागम्मासाठी स्थळ आलं होतं. मुलगा शेतीवाला, शांत. त्यालाही मंगळ — म्हणजे दोन्हीकडचा दोष फिटला. मुलाचे चुलते माणिकराव बोलणी करायला बसले होते. गुरुसिद्धप्पांनी मलाही बोलावून घेतलं.

"उन्हाळ्यापत्तर थांबा," ते म्हणाले.

माणिकराव म्हणाले, "थांबायचं कशापायी? आमाला काई अडचण न्हाई."

"आमाला हाय."

पाहुणे गेल्यावर माझ्याकडे वळून बोलले, "मंगळच जायलाय, तर पोरीला मंगळाचाच नवरा कशाला? नांदेडला द्यावं म्हणतो, चांगल्या घरी. मास्तर, तुमच्यामुळं देवानं दार उघडलं."

मी चहा प्यालो. भागम्मा कप उचलायला आली. माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आत गेली. तिला कळलं की काय?

आमच्या लिंगायतांत शरणांनी, जुन्या संतांनी, ग्रहांची भीती टाकून द्या म्हणून सांगितलेलं. तरी घरोघरी पत्रिका आहेच. मी दुकानावर बसून यावर किती वेळा बोललोय! आणि त्याच मंगळाच्या जोरावर मी आज एक सोयरीक मोडली.

९ फेब्रुवारी

सांगायला गेलो. गिऱ्हाईक होतं. परत आलो.

२ मार्च

चुडाव्याच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी पूर्णेची.

१२ एप्रिल

गुरुसिद्धप्पा संध्याकाळी मला स्टेशनाच्या फलाटावर घेऊन गेले. तिथून पश्चिम मोकळी दिसते. दिवस बुडाल्यावर मंगळ दिसला — लालसर, अगदी मंद.

"बारीक व्हायलाय, मास्तर. रोज बघतो मी. संक्रांतीला केवढा होता!"

मंगळ पृथ्वीपासून लांब चाललाय, सूर्याच्या बाजूला सरकतोय. म्हणून बारीक दिसतो. दर दोन वर्षांनी असं होतं. मला हे माहीत आहे. दोन वाक्यांचं काम होतं.

मी म्हणालो, "होय, बारीक झालाय."

त्यांनी माझा दंड धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

१४ जून

आठ दिवस झाले, मंगळ दिसत नाही. सूर्याच्या उजेडात बुडाला. गुरुसिद्धप्पांनी घरोघरी गूळखोबरं वाटलं. आमच्याकडेही आलं. आईनं विचारलं, "कशाचं हाय?" मी सांगितलं नाही. मला ते खाववेना.

१६ जून

गुरुसिद्धप्पा काल एका स्थळासाठी पालमला गेले होते. बैठकीत त्यांनी सांगितलं, मंगळ आता उरला नाही, पोरीला दोष नाही. लोकांना आधी वाटलं म्हातारा गंमत करतोय. मग समजलं की खरंच बोलतोय. तिथल्या जोशानं पंचांग उघडून पुढ्यात टाकलं — मंगळ अमुक राशीत, अमुक अंशावर. सगळी बैठक हसली. लिंबाजी सोबत होता, त्यानं सांगितलं. म्हणाला, "अप्पा उठून तसंच वाटंला लागले. तुमचं नाव बी घेतलं न्हाई तिथं."

माझं नाव घेतलं नाही.

१७ जून

आज सगळं सांगितलं. दुकान बंद करून आम्ही दोघं आत बसलो होतो. पहिल्या दिवसापासूनचं सांगितलं, फलाटावरचंही. त्यांनी मधे अडवलं नाही.

शेवटी एवढंच विचारलं, "मग त्यो दगड गेला कुठं?"

"कुणालाच माहीत नाही. मोठमोठ्या दुर्बिणींनाही परत सापडला नाही."

"बरं." त्यांनी तागडी खुंटीला अडकवली. "मास्तर, तुमी सोता मंगळ मानता का?"

"नाही."

"तुमची शिवम्मा जाऊन दोन वर्सं झाली. तुमचं घर रिकामं हाय. माझ्या पोरीला तुमी पदरात घ्या."

रागानं नाही बोलले. साधं विचारलं. मी म्हणालो, "आईला विचारतो."

१८ जून

आई म्हणाली, "तिची पत्रिका आण, मग बघू."

मी म्हणायला हवं होतं, पत्रिका कशाला? म्हणालो नाही. आईनं मनकर्णाला पाठवलं — आमच्याकडं भांड्याला येते ती. पत्रिका घेऊन आली. मी आईला अडवलं नाही.

लिहायचं तर खरं लिहावं. मला भीती वाटते. मंगळाची मुलगी नवऱ्याला खाते म्हणतात. माझ्या शिवम्माला तर मंगळ नव्हता, आणि बाळंतपणात तीच गेली. एवढं डोळ्यांनी पाहून मी भितो. आभाळातून दगड येऊन आपटण्याचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवला, तेव्हा हसत होतो. आणि या कागदावरच्या एका घराला भितो.

२२ जून

गावच्या जोशांनी पत्रिका बघितली. म्हणाले, "करू नका." आई दिवसभर रडली.

गुरुसिद्धप्पांनी विचारायला कुणाला पाठवलं नाही. मी दुकानावरून जाताना ते मान वर करून शरणार्थ म्हणाले. रोजच्यासारखं.

२३ जून

ठरलं. हो म्हणणार. आईला सांगितलं. ती जेवली नाही. भीती गेलेली नाही, पण भीतीसकट हो म्हणणार. एवढं तरी माझ्याकडून व्हावं.

२४ जून, जुम्मा

शुक्रवारची मदरशाला सुट्टी. सकाळीच गेलो, पत्रिका परत दिली आणि हो म्हणालो.

गुरुसिद्धप्पा बोलायच्या आधी भागम्मा बाहेर आली. बापाच्या शेजारी उभी राहिली.

"मी येत न्हाई तुमच्या घरी. अप्पाला फशिवलं, ते तुमी सोता येऊन सांगितलंत. पर पत्रिका मागिवली, सहा दिवस ठेवून घेतली. ते कुणी सांगितलं न्हाई, मला दिसलं."

मी खाली बघत होतो.

"मला वाचायला शिकवा," ती म्हणाली. "ते वर्तमानपत्र बी आणि पंचांग बी. पुन्यांदा या घरात कुणी काई सांगितलं, तर मला माझं बघता आलं पाहिजे. दुपारी दुकान बंद असतंय. अप्पा समोर बसतील."

मी बरं म्हणालो.

पाटी मी न्यायची आहे.