एजंटला न सांगितलेला आकडा

नाना, आमच्या ऑफिसातले सकाळचे दिवे आता मी बघत नाही, एक एजंट बघतो. हे सांगायला मला दुसरं कोणी सापडलं नाही, म्हणून आज रविवारी दुपारी पोरगी झोपल्यावर लिहायला बसले. अक्षराला हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते, त्याच्यापुढं शाळा झालीच नाही, त्यामुळं अक्षरही तिथंच थांबलं. आणि हो, तुम्हाला नात आहे. साडेतीन वर्षांची. तुमच्यासारखीच झोपेत दात खाते.

आधी काम सांगते. चार वर्षांपूर्वी मी तिथं झाडू-पोछा आणि चहाला लागले. आमच्या ऑफिसाची गिऱ्हाइकं म्हणजे दवाखाने, अंबड एमआयडीसीतल्या दोन-तीन कंपन्या, एक द्राक्षं परदेशी धाडणारे. त्यांचं सगळं काम लांब कुठंतरी भाड्यानं घेतलेल्या कॉम्प्युटरवर चालतं. त्याला क्लाऊड म्हणतात. ते कॉम्प्युटर आमच्या साहेबांनीही कधी डोळ्यांनी बघितलेले नाहीत, नुसतं पडद्यावर कळतं चालू आहेत की बंद. ते रोज सकाळी बघायला एक पोरगा होता, तो पुण्याला गेला. साहेब मला म्हणाले, "ताई, हिरवं-लाल कळतं ना? आकडे वाचता येतात ना? मग झालं की." तेव्हापासून मी सातला जायची. कुठला दिवा लाल, कुठली डिस्क किती भरली, रात्रीचा बॅकअप झाला का, म्हणजे सगळ्या कागदांची दुसरी प्रत निघाली का, हे वहीत लिहायचं आणि ग्रुपवर टाकायचं. दोनला घरी. नाना, मला खुर्ची होती. मी चहा करून आणायची आणि मग माझ्या खुर्चीत बसून प्यायची.

दोनला घरी, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. पोरीला ताप चढला की आकडी येते. पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाई तिला कांदा हुंगवत बसल्या, दुसरं काही सुचेना त्यांना. मी पोचले तेव्हा पोरीचे डोळे वर गेलेले. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून पोचले तरी. हे काम सुटलं तर मला अंबडला बारा तासांच्या पॅकिंगला जावं लागेल, आणि तिथं आत जाताना मोबाईल गेटवर काढून घेतात. पोरीला आकडी आली तर मला कळवणार कसं?

आणि मग उन्हाळ्यात साहेब म्हणाले, "सोमवारपासून एजंट लावतोय." एजंट म्हणजे आपल्याकडे प्लॉटवाला नाहीतर विम्यावाला. मी बाजूचं टेबल पुसून ठेवलं. पोरं पोट धरून हसली. "अहो ताई, तो बसत नसतो! ठरल्या वेळेला आपोआप उठतो, सगळं तपासतो, रिपोर्ट टाकतो. एआय आहे." एक जण म्हणाला, "ताई, तुमची सवत आली बघा." मीही हसले. घरी येऊन भांडी इतकी जोरात आपटली की आमचे हे म्हणाले, "मशिनशी भांडण काढलंस व्हय?"

पण सवतच ती, नाना. सकाळी बरोबर सहाला ग्रुपवर मेसेज येतो. 'सुप्रभात. सर्व तपासण्या पूर्ण. काळजीचे कारण नाही.' आणि त्याच्याखाली अंगठेच अंगठे, साहेबांचा सुद्धा. तीन वर्षं मी रोज टाकायची, एका माणसानं कधी अंगठा दिला नाही. एकदा लाल दिव्याच्या जागी दुसराच लाल लिहिला गेला, तर साहेब सगळ्यांपुढं म्हणाले, "ताई, लक्ष कुठंय तुमचं?" पोरगी आदल्या दिवशी आजारी होती. एजंटानं पहिल्या आठवड्यात दोनदा चुकीचं सांगितलं, तर "शिकतोय अजून" म्हणून कौतुक. मला कोणी म्हणालं नव्हतं शिकतेय म्हणून.

त्याला शिकवायचं कोणी? मीच. इंजिनियर मॅडम माझ्या शेजारी दोन दिवस बसल्या. माझ्याहून लहान आहे ती, स्वभावानं चांगली, माझ्या डब्यातलं खाते. "ताई, तुम्ही सकाळी आल्यापासून काय काय बघता ते सगळं सांगा, मी त्याला लिहून देते." मी सांगत गेले. आधी हे दिवे, मग ते. हा अर्धा तास लाल राहिला तर घाबरायचं नाही. शेवटी तिनं विचारलं, "अजून काही?" आणि मी म्हणाले, "नाही."

होतं, नाना. बॅकअपसमोर हिरवी टिक आली तरी मी तिथं थांबायची नाही. ती प्रत केवढी निघाली तो आकडा कालच्या आकड्याशेजारी मांडायची. मला कोणी सांगितलं नव्हतं, वहीत माझी मीच कडेला रेघ मारून घेतली होती. ही खोड तुमची. मी डबा घेऊन तुमच्या बॉयलरवर यायची, आत पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी तुम्ही मला वाचायला लावायचा. एक दिवस मी न बघताच रजिस्टरात कालचाच आकडा लिहिला, रोज तोच तर असतो. तुम्ही कान धरलात. मारलं नाही, पण सगळ्या कामगारांपुढं धरलात, ते मला अजून लागतं. मग काचेखालचा छोटा कॉक उघडून पाणी सोडून दिलंत आणि म्हणालात, "आता बघ परत चढतंय का. काचेत पाणी दिसतं म्हणून बॉयलरात असतंच असं नाही. नळी तुंबली तर काच शिळंच पाणी दाखवत बसते." मी बघतेय, पाणी चढतंय, तुमचा हात माझ्या कानावरून सुटून डोक्यावर येतोय.

पण तुमच्याकडं ते आपोआप चालणारं पॅनेल आलं, तेव्हा तुम्ही तीन दिवस बसून त्या लोकांना सगळं सांगितलंत. आवाज कसा बदलतो तेसुद्धा. घरी आलात तर आई चुलीपुढून म्हणाली, "समदं ओतून आलात? एखादं तरी ठेवायचं हातचं!" तुम्ही म्हणालात, "अगं, भिंतीपल्याड तीस बाया बसतात पॅकिंगला. उद्या काही झालं तर?" आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला गेटवर वॉचमन केलं. काठी दिली हातात. मी तेव्हाच ठरवलं होतं, आई बरोबर आणि नाना चूक. म्हणून मी एक आकडा हातचा ठेवला.

मला पुन्हा चहा-झाडूवर टाकलं. "दिवाळीपर्यंत बघू, मग ठेवायचं का ते ठरवू," साहेब म्हणाले. पण खुर्ची रिकामी असली की पुसता पुसता मी पडद्यावर नजर टाकायचीच. मागच्या मंगळवारी बघितलं. एका दवाखान्यासमोर हिरवी टिक, आणि आकडा चार. तिथं रोज एकेचाळीस असायचा. ग्रुपवर सहाचा मेसेज, 'काळजीचे कारण नाही', आणि अंगठे. मी फडकं पिळलं आणि गप्प बसले. मनात म्हणलं, पडू दे तोंडघशी. बुधवारी परत चार. परत गप्प.

बुधवारी संध्याकाळी पोरीला ताप भरला. आकडी यायच्या आत मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हा दवाखाना आमच्या गिऱ्हाइकांतला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी कुठलं औषध दिलं होतं?" मला आठवेना. कागद घरी, आणि तिचे दात वाजायला लागलेले. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली. "हे बघा, मिळालं. ते दुसरं तिला सोसलं नव्हतं, नाही का." आणि बरोबर औषध दिलं. मी तिला धरून उभी, आणि माझ्या डोळ्यांपुढं तो चार. त्या दुसऱ्या दवाखान्यात अशीच कोणाची पोर असेल आणि बटण दाबल्यावर काहीच आलं नाही तर?

गुरुवारी सहालाच जाऊन बसले, मॅडम आल्या आल्या म्हणाले, "जरा तो आकडा बघा." त्या म्हणाल्या, "टिक तर हिरवी आहे, ताई." "टिक राहू द्या, आकडा बघा." बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. दवाखान्यानं त्यांचे कागद दुसऱ्या जागी हलवले होते, प्रत निघत होती ती जुन्या जागेची. नशीब, मूळ कागद शाबूत होते. दुपारपर्यंत सगळं नीट झालं. मॅडमनी मला मिठी मारली. "तुम्हाला कसं दिसलं हो?" मी म्हणाले, "असंच, पुसताना लक्ष गेलं." मग त्यांनी एजंटला लिहून दिलं, रोज कालच्या आकड्याशी ताडून बघ. एवढीशी ओळ. माझा चहा निवायच्या आत लिहून झाली. शुक्रवारी त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांचे आकडे ओळीनं मांडून दाखवले, माझ्या वहीपेक्षा सुबक.

आता माझ्याकडं हातचं काहीच नाही. साहेब शाब्बास म्हणाले, आणि दिवाळीचं विचारलं तर "बघू" म्हणाले. मला भीती वाटते, नाना. ते तीन दिवस सांगताना तुमच्याही आत असं जळत होतं का? तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि मला त्याचाही राग येतो.

हे कागद मी कुठं ठेवणार नाही. उद्या सकाळी घंटागाडी आली की बाकीच्या कचऱ्यात जातील. मॅडमना मी खोटं बोलले, ते तुम्हाला कळलंच असेल. पण एक मी यांनासुद्धा सांगितलेलं नाही. एजंट आल्यापासून मला घास जात नव्हता. त्या मंगळवारी, तो चार बघून घरी आल्यावर, मी तीन भाकरी खाल्ल्या. बुधवारी दुपारी पण.