चिंचेतला खिळा

तीर्थरूप आईस, बोम्मसंद्र्याहून गोरखचा दंडवत.

मी बरा आहे. उजव्या हाताला टाके आहेत म्हणून डाव्याने लिहितोय. घाबरू नकोस, बोटं शाबूत आहेत. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या सॉ मिलमध्ये अमेरिकेतून रेडवूड नावाच्या लाल लाकडाच्या झाडाचं खोड आलं. आडवं पडलेलं, तरी माझ्या डोक्याच्या वर. साल वणव्यात काळी पडलेली, पण आत आग शिरलीच नव्हती. मालक म्हणाले, हे झाड तोडलं तरी बुंध्याभोवती गोल करून त्याची पोरं उगवतात. तिथले मूळ लोक त्याला घरातलं वडीलधारं मानतात, म्हणे.

आम्ही करवत घातली. आत कुणीतरी कधीकाळी ठोकलेला खिळा होता. झाडाने तो पोटात घेतलेला, बाहेर खूणसुद्धा नाही. पातं फुटलं, किंचाळत उडालं आणि माझ्या शेजारच्या नंदूअण्णाचा गळा चिरून भिंतीत रुतलं. लाल भुशात त्याचं रक्त कुठलं, तेही कळेना.

आई, परसातल्या चिंचेचा सौदा झाला का? आबांना म्हणावं, तोडणाऱ्यांना आधी सांगा. मला झटके यायचे तेव्हा बाधा उतरावी म्हणून तू तिच्यात वीतभर खिळा ठोकला होतास. आता तो बाहेरून दिसतही नसेल. माझ्यासाठी ठोकलेला खिळा दुसऱ्या आईच्या लेकाला लागायला नको.

तुझ्या पायांवर डोकं ठेवून,
गोरख